लिंबावरचा कोश

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने किती उतावळं असावं? आमचे घड्याळजी दात घासायच्या आधी बागेत हजर! मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग धरायचं, श्वास रोखायचा आणि चतुर, नाकतोडा, भुंगेरा, जो तावडीत सापडेल त्याचा फोटो काढायचा. चहाबरोबर तो बायकोला बघावाच लागे.

"मिश्या बघ, काय ऐटबाज आहेत!"

"आहेत हो," ती बिचारी म्हणे.

पण अळ्यांनी तिच्या लाडक्या लिंबाचा पार खराटा केला, तेव्हा तिचं डोकं फिरलं. ती फवारणीचा पंप घेऊन आली.

"एक कोश उकलू दे गं," घड्याळजी गयावया करू लागले. "आतून काय निघतं त्याचा फोटो दाखवतो. नाही आवडलं तर खुशाल मार फवारा."

"रविवारपर्यंत थांबते. पुढे ऐकणार नाही."

रविवारी सकाळी कोशातून रंग दिसू लागले. घड्याळजी समोर स्टूल टाकून बसले. चहा गार झाला, मुंग्या पायावर चढल्या, पण गडी हलला नाही. अखेर कोश तडकला आणि दुकानातली जन्माची सवय आडवी आली. काही नाजूक हलताना दिसलं की त्यांचा हात भिंग थेट डोळ्यालाच लावतो. लावलं! चुरगळलेले पंख, गुंडाळलेली सोंड, पायांची धडपड, सगळं डोळे भरून पाहिलं. आनंदाने ते स्टुलावरून पडायचेच बाकी होते. मोबाइल मात्र खिशातच.

"दाखवा फोटो." मागे बायको, खांद्याला पंप.

घड्याळजींनी गुपचूप भिंग तिच्या हातात दिलं.

ती वाकली. भिंग डोळ्याला लावलं. मग कुजबुजली, "अगं बाई, केवढी घाई! पंख वाळू दे ना नीट!"

फुलपाखरू उडालं तशी तीही पंपासकट कुंपणापर्यंत धावत गेली. धापा टाकत परतली आणि लिंबाकडे बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. घड्याळजींनी जीव मुठीत धरला.

"उरलेल्या अळ्यांचं काय करायचं?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तसं."

"मी काय म्हणणार? एवढ्याशा पाल्यावर पोट भरणार आहे का त्यांचं? उठा, नर्सरीतून अजून एक लिंबू आणा. चांगलं मोठं बघून."