गुरुजींची पाठ केलेली उत्तरं

"दहापैकी दहा मी जिंदगीत कोनालेच देल्ले नाई पोरी, मंग या खांद्याले काऊन देऊ?"

दुखणं किती, शून्य ते दहात सांगा, असं विचारलं की गुरुजी हे म्हणायचे आणि पेपर तपासल्यासारखे डोळे बारीक करून पाच द्यायचे. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. धाड गावचे हे निवृत्त गुरुजी बुलढाण्याला माझ्याकडे फिजिओथेरपीला यायचे. उजव्या खांद्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, थोडी फाटली होती. संध्याकाळी विहारात ते वस्तीतल्या पोरांना गणित शिकवायचे. हात फळ्यापर्यंत जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तेव्हा मी अशा रुग्णांसाठीची एक प्रश्नावली मराठीत भरवशाची ठरते का, हे तपासत होते. त्यासाठी तेच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारायचे. खांदा तसाच असेल तर उत्तरंही तशीच यायला हवीत. बाकीचे रुग्ण वैतागायचे, "काऊन, मांगच्या खेपी खोटं बोललो का?" गुरुजी मात्र खूश.

"फेरपरीक्षा हाय म्हना की."

दुसऱ्या खेपेला त्यांनी धडाधड उत्तरं दिली. केस विंचरणं, सदरा घालणं, फळीवरचा डबा काढणं, एकही उत्तर हललं नाही. त्या दिवशी नुसते प्रश्नच विचारायचे होते, हात तपासायचा नव्हता. मी मनातून सुखावले. जाताना म्हणाले, "एकदा माही पोरं पाह्याले ये."

चार दिवसांनी मी विहारात गेले. फळ्याचा वरचा भाग सगळा कोरा. गुरुजी खाली मांडी घालून बसलेले, डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरत अगदी तळाशी बेरीज लिहीत होते.

"हे कधीपासून, गुरुजी?"

"तू दुसऱ्यांदा इचारलं, त्याच्या आंधीपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"पह्यली उत्तरं पाठ करून आलो होतो. तुह्या परीक्षेत माह्यापायी मार्क कमी नोको."

पोरांसमोरच मी त्यांच्यावर चिडले. ते हसून पुढची बेरीज लिहू लागले. दुसऱ्या दिवशी तपासणीला नेलं. कंडरा पुरती तुटली होती. या वयात आता शिवून उपयोग नाही, तुटली तेव्हाच कळलं असतं तर कदाचित बघता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. गुरुजींचा हात त्यानंतर वर गेलाच नाही. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

गुरुजी गेल्या हिवाळ्यात वारले. प्रश्नावलीच्या दोन खेपांमध्ये खांदा बिघडला तर त्या रुग्णाची उत्तरं वगळायची, असा नियम आहे. म्हणून अहवालात त्यांची उत्तरं नाहीत. शब्दाला शब्द जुळलेली उत्तरं मात्र मला फक्त त्यांचीच मिळाली होती.