रोलरचे तीन सेकंद

सगळे तिला कार्ट्रिजवाली म्हणूनच ओळखत. प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरायची, मेलेले प्रिंटर उठवायची, आणि काळी झालेली बोटं कुणापुढे लपवायची नाही. कॉलेजचं तोंड तिने पाहिलं ते तिथला प्रिंटर दुरुस्त करायला गेली तेव्हा. कोड लिहायला ती दुकानातल्या जुनाट कॉम्प्युटरवरच शिकली, ठेचकाळत. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टम फुकट आणि सगळ्यांना खुली. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी पदरचा वेळ घालून उभी केलेली.

सात वर्षांपूर्वी तिने त्या मंडळींना जुने प्रिंटर चालवणारा कोड पाठवला. तपासायला एका कॉलेजातले सर होते. त्यांनी सगळ्यांदेखत लिहिलं, "शाई भरणाऱ्यांनी शाईच भरावी." दोन महिन्यांनी तोच कोड सिस्टममध्ये आला, सरांच्या नावाने! तिने आकांडतांडव केलं. कुणी हिंग लावून विचारलं नाही. पण ती हलली नाही. लोकांच्या चुका निस्तरत, राग गिळत तिथेच ठाण मांडून बसली. यंदा त्या मंडळींनी विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प निवडायला नेमलेल्या समितीत तिला घ्यावंच लागलं.

रविवारी दुपारी ऑनलाइन बैठक होती. दुकानाचं शटर अर्धं ओढून ती लॅपटॉपसमोर बसली. मागे झेरॉक्स सांभाळणारी थोरली जाऊ कान टवकारून.

यादीत अकरावी कल्पना सरांची: जुने प्रिंटर चालवणारा तोच कोड नव्याने लिहायचा, मार्गदर्शक स्वतः सर. प्रकल्प मिळाला की कॉलेजात त्यांची कॉलर आणखी ताठ होणार होती. मार्गदर्शकाने जुना कोड समितीला समजावून सांगायचा, असा नियम. सरांना आजवर कुणी विचारायला धजलं नव्हतं.

"सर, कागद ओढण्याआधी इथे तीन सेकंद थांबवलंय. का हो?" तिने विचारलं.

सर हसले. "जुन्या प्रिंटरची मेमरी तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, बाई. विद्यार्थ्यांनी हे जपायलाच हवं. अनुभवाने कळतं."

"कुठल्या प्रिंटरचा अनुभव?"

"सगळ्याच."

तिने लॅपटॉप उचलून कोपऱ्यातल्या जुन्या प्रिंटरपुढे धरला, प्रिंटरचं झाकण उघडलं. आत कागद ओढणारा, झिजून गुळगुळीत झालेला रोलर. "हा सटकतो. कागद पकडायला याला तीन सेकंद लागतात. फक्त याच्यासाठी थांबवलं होतं मी, पाठवताना काढायचं राहिलं. चोरताना वाचलंसुद्धा नाहीत? सात वर्षं सगळ्यांचे धडधाकट प्रिंटर माझ्या या लंगड्यासाठी ताटकळलेत!"

कुणीतरी फस्सकन हसलं. सरांचा कॅमेरा बंद झाला.

बैठक चालवणाऱ्या बाईंनी जुनी पत्रं उघडली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमचं पत्र आधीचं आहे. कोड तुमचाच. प्रकल्प तुमच्या नावावर करू. पण दोन मार्गदर्शक लागतात, आणि छपाईत दुसरं कुणी नाही. सरांनी आत्ताच लिहून कळवलंय, माफी मागायला तयार आहेत. दुसरं नाव त्यांचं ठेवू? नाहीतर प्रकल्पच खोडावा लागेल."

"हो म्हण गं!" जाऊ कुजबुजली. "तू वर, तो खाली. आणखी काय हवं?"

सात वर्षं तिला तिथे आपलं नाव बघायचं होतं.

"त्यांच्या नावाला चिकटून माझं नाव नको. खोडा."

"अहो, नुकसान तुमचंच..."

"खोडा म्हटलं ना."

अकरावी ओळ पडद्यावरून गेली. जाऊने कपाळावर हात मारला. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास."

"त्याच्या तोंडातला काढला की नाही, ते सांगा, ताई."

आणि ती समितीला म्हणाली, "चला, बारावी कल्पना कुणाची?"