प्रीअँपची पारख
झोपायच्या खोलीतच स्टुडिओ थाटून बाई पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. आवाज पातळ येतो म्हणून प्रकाशकाने मागचं पुस्तक परत पाठवलं होतं. आता जमलं नाही तर कामच जाणार होतं. नवरोबांनी माइकचा आवाज सुधारणारे दोन प्रीअँप दुकानातून पारखायला आणले आणि पहिल्यावर "हॅलो, हॅलो" करून निकालच दिला, "हाच! काय भरदार येतोय!"

"मागचा प्रीअँपही असाच निवडलात ना?" बाईंनी विचारलं.

"मग? चांगला तासभर बोलून बघितला होता."

"तुम्ही! आणि वाचतं कोण?"

नवरोबांचा चेहरा पडला. बाईंनी दोन्हींवर एकच पान वाचलं. डोळे मिटून ऐकणाऱ्या सासूबाई दुसऱ्याच्या वेळी म्हणाल्या, "हा ठेव. यात तू माझ्याशी भांडताना असतेस तशी खणखणीत वाटतेस."