एक्स्प्रेसची पाटी

कोरोनानंतर पॅसेंजर नुकतीच सुरू झाली होती. शेजारचे गादीवाले भाई बहिणीला माती द्यायला निघाले, म्हणून मी त्यांच्यासोबत मलकापूर स्टेशनवर गेलो. गाडी वेळेवर आली, पण पाटीवर एक्स्प्रेस लिहिलेलं.

"डबे तं आपल्याच गाडीचे दिसून राह्यले, भाऊ. चढू का?"

"काऊन घाई करता? एक्स्प्रेस तुमच्या बहिणीच्या गावाले थांबत नाही."

ती सुटल्यावर खिडकीवर कळलं, जुन्या पॅसेंजरलाच आता एक्स्प्रेस म्हणतात. थांबे तेच आहेत. भाई आणि मी पुढच्या गाडीनं पोहोचलो तेव्हा दफन उरकलं होतं.

बहिणीच्या घरी मी सांगितलं, गाडी लेट होती. भाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. त्यांचे भाचे अजून रेल्वेलाच शिव्या देतात. गाडी लेट नव्हती.