मोरीचा अर्ज

तुम्ही तोंड उघडायच्या आत भाऊसाहेब कागद आणि दौत तुमच्यापुढे सरकवत. "आधी अर्ज, मग भांडण." शहापुरात तालुका बोर्डाच्या या कारकुनाशी जो कुणी भांडायला गेला, तो अर्ज लिहून परत आला. मीही.

डोक्यावर गवताचे भारे वाहून मी स्वतःच्या चार बैलगाड्या केल्या. घासाघिशीत माझ्यापुढे कुणी टिकलं नाही. पण आमच्या गावच्या ओढ्यावर गाडी जाईल अशी मोरी, लहानसा दगडी पूल, नव्हती. दर दिवाळीनंतर गवताच्या गाड्या तिथे रुतत. एकदा माझ्या बैलाचा पाय मोडला. पाच वर्षं मी अर्ज दिले.

"भाऊसाहेब, एवढ्या अर्जांचीच मोरी झाली असती!"

"कागद भिजतो, शेटजी," असं म्हणून ते मला पाणी देत.

मग वरून हुकूम आला: तालुका बोर्डं बंद. काही अधिकार ठाण्याच्या जिल्हा बोर्डाकडे, काही गावपंचायतींकडे. शेवटच्या दिवशी ते जमिनीवर बसून पडून राहिलेले अर्ज दप्तराच्या दोन रुमालांत बांधत होते. एक ठाण्याचा, एक गावांचा.

"माझा ठाण्याच्यात घाला. आमच्या पंचांना शेताचा बांध घालता येत नाय, ते मोरी काय बांधणार?"

"गावाला ओढा दिसतो, शेटजी. ठाण्याला नाही."

"आमी सांगतो तेच करा! तुमच्या बोर्डाला कुलूप लागतंय, बरंच झालं!"

त्या कुलपाबरोबर त्यांची नोकरीही जाणार होती, हे मला माहीत होतं. त्यांनी गुमान माझा अर्ज ठाण्याच्या रुमालात घातला.

संध्याकाळी छत्री काखेत मारून ते आसनगाव स्टेशनाकडे पायी निघाले होते. माझी रिकामी गाडी त्यांच्या शेजारून गेली. बसा म्हणालो नाही.

वर्षाने ठाण्याहून उत्तर आलं: एवढं लहान काम आता गावपंचायतीचं. मी तणतणत सरपंचाकडे गेलो.

"आता कशाला ओरडता, काका? ओढ्यावर दगड येऊन पडलेत. हा काय तुमचा अर्ज."

माझ्याच अर्जाची नक्कल, अक्षर भाऊसाहेबांचं. गावांच्या रुमालात ती त्यांनी केव्हा घातली, कोण जाणे. खाली शेरा होता: "अर्जदार तापट आहे. मागणी खरी आहे."

हे मला तोंडावर सांगायला काय झालं होतं? जाब विचारायला मी त्यांच्या गावी जाणारच होतो. म्हसा गावच्या जत्रेत बैल बघताना कळलं, भाऊसाहेब गेले.

मोरीवरून पहिली गाडी मी स्वतः हाकली. गवत गच्च भरलं होतं. पुढे, माझ्या शेजारी, एका माणसापुरती जागा तेवढी सोडली होती.