शिवशंकरचं तिसरं इमान

अहमदपूरच्या स्टँडमागं शिवशंकरचं मोटार वाइंडिंगचं दुकान. गावातले जळके पंप तो जिवंत करतो, आणि सुट्टीच्या दिवशी रिमोटवर उडणारी, बिनइंजिनाची इमानं माळावर उडवायला नेतो आणि आपटून मारतो. दोन मारून झाली होती. तिसरं दहा फुटी पंखांचं, पाच फूट लांब, बांबूसारख्या बारीक पोकळ अंगाचं. "हे पडलं तर रिमोट कायमचा ट्रंकेत," असं त्यानं बायकोला, दीपमालाला, कबूल केलं होतं. तिनं ट्रंक पुसूनही ठेवली.

त्याचा जुना दोस्त नागप्पा दर उड्डाणाला निलंग्याहून रिकामं पोतं घेऊन यायचा, तुकडे गोळा करायला. "शिवा, इमान बनवून राहिलास का नांगर? दर बारीला जमिनीतच घुसतंय!"

रोग शेपटीत होता. तिथली पट्टी हलली की इमान तोंड वर काढतं. पट्टी हलवणारी छोटी मोटर मात्र पुढं, नाकात. मधे लांबलचक बारीक सळई. दुकानात सगळं झकास हलायचं, हवेत वेग आला की पट्टी ढिम्म. तार जळाली की जाड तार घाला, हा धंद्यातला खाक्या. म्हणून दुसऱ्या इमानात त्यानं जाड सळई घातली. शेपूट जड झालं आणि ते अडेल गोऱ्ह्यासारखं मागंच बसलं.

या वेळी त्यानं दीपमालाला पट्टी बोटांनी दाबून धरायला लावली. "आता तू म्हणजे हवा. सोडू नको."

त्यानं रिमोटची काडी ओढली.

"अहो, मोटर कुरकुरतेय, पण इथं जोरच येईना. तुमची सळई मधीच वाकून राहिली."

"मला ठाऊकच होतं."

"हाव, म्हणून तर दोन फोडली!"

तीच उठली आणि कडब्याच्या पेंडीतून ज्वारीची धाटं घेऊन आली. लहानपणी धाटाच्या बैलगाड्या करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाटाच्या आतल्या हलक्या भेंडाच्या तिनं सहा गोल चकत्या कापल्या, प्रत्येकीला बरोबर मधोमध भोक. शिवशंकरनं वाइंडिंगच्या तारेवर चढवायची गुळगुळीत नळी त्यांतून ओवली, वीत-वीतभर अंतरानं चकत्या बसवल्या, कडांना गोंद लावून सगळी माळ इमानाच्या पोटात सरकवली. गोंद वाळल्यावर नळीत सळई घातली. आता वाकायला तिला जागाच नव्हती. पुन्हा काडी ओढली, तर पट्टीनं दीपमालाची बोटं ढकलून दिली.

रविवारी टेकडीवरून दीपमालानंच इमान फेकलं. शिवशंकरनं मुद्दाम त्याचं तोंड खाली घातलं. पंख शीळ घालू लागले. नागप्पानं सवयीनं पोत्याचं तोंड उघडलं.

शिवशंकरनं काडी ओढली. इमानानं मान उचलली आणि सरळ उन्हात चढलं.

"ट्रंकेत मी गोधड्या ठेवते," दीपमाला म्हणाली.

"लई वेळ चालंल का रं हे?" नागप्पानं विचारलं.

"बस की निवांत."

नागप्पानं पोतं झटकलं, गवतावर अंथरलं आणि त्यावर मांडी घालून वर बघत बसला.