बेडकीचे वारसदार

ज्यांच्या गाड्या धड चालतात त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. आमच्याकडे पोतंभर आहे! खानदेशात ही गाडी घेणारे आम्ही मोजकेच, आणि कुठे दोघं भेटलो की जुना किस्सा संपायच्या आत नवा तयार. ऐकणारे हसतात. हसा, तुमचं काय जातंय?

कंपनीचं नाव मी घेत नाही, तोंड खराब होतं. युरोपातली, मोठी, नावाजलेली. गाडी मात्र इवलीशी, बटबटीत गोल दिव्यांची. पहिल्याच आठवड्यात जळगावात कुणीतरी तिला 'बेडकी' म्हणालं आणि तेच नाव पडलं.

माझं जळगावला चष्म्याचं दुकान. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत डोळे तपासायला जातो. तपासणीचं मशीन मोटरसायकलवर जात नाही, म्हणून बेडकी घेतली. पारोळ्याचे आबा कापसाचे व्यापारी, धुळ्याचे नाना रिटायर्ड हेडमास्तर. आमची तिघांची ओळख शोरूममधलीच. डिलिव्हरी एकाच दिवशी, पेढेही एकाच बॉक्समधले.

*

त्या दिवशी सेल्समन नुसता सुटला होता. "सर, युरोपातल्या जुन्या शहरांत गल्ल्या अरुंद, पार्किंगला जागा नाही. त्यासाठी खास डिझाइन केलीय. कुठेही वळवा, कुठेही घुसवा!"

नानांनी विचारलं, "मागच्या काचा खाली होत नाहीत का?"

"नाही सर. तिकडे मागे कोणी बसत नाही. बाजाराच्या पिशव्या ठेवतात."

नानांनी मागचं दार उघडलं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, सून आणि दोन नातवंडं दाटीवाटीने बसून पेढे खात होती.

"या माझ्या पिशव्या," नाना म्हणाले.

*

मग ऐन मे महिन्यात खुद्द युरोपातून डिझाइनवाला साहेब आला. 'ग्राहक संवाद'! एसी हॉल, पडद्यावर चित्रं, प्रत्येकाला ढोकळा. मागच्या काचा बंद का, तर म्हणे आवाज कमी येतो आणि रेषा सुंदर दिसते.

आबा उठले. "साहेब, चला, चक्कर मारून येऊ." साहेबाला मागे बसवलं आणि भर दुपारी नशिराबादपर्यंत नेऊन आणलं. एसीचा वारा मागे पोचतच नाही. साहेब उतरला तेव्हा टोमॅटोसारखा लाल झाला होता, पण संस्कार बघा! म्हणाला, "व्हेरी व्हॅल्युएबल फीडबॅक!"

आबा म्हणाले, "हाऊ फीडबॅक नई भाऊ, घाम शे!"

पुढच्या वर्षी बेडकीचं सुधारित मॉडेल आलं. काय सुधारलं? रंग! लाल, टोमॅटोसारखा.

*

स्टेपनी नाही, हे आम्हाला गाडी घेतल्यावर कळलं. वजन वाचवलं म्हणे. त्याऐवजी डिकीत एक बाटली. पंक्चर झालं की आतला चिकट पदार्थ टायरमध्ये सोडायचा आणि निघायचं. युरोपातल्या गुळगुळीत रस्त्यांवर चालत असेल, आपल्याकडे खड्डा म्हणजे खड्डा असतो!

धुळ्याहून परतताना आबांचा टायर बाजूने टरकन फाटला. बाटली ओतली, ती सगळी रस्त्यावर. शोरूमला फोन लावला. तिकडून सांगितलं, "सर, जे फाटलंय त्याचा स्पष्ट फोटो पाठवा."

आबांनी स्वतःच्या फाटक्या तोंडाचा फोटो काढून पाठवला.

*

कंपनीने देश सोडला, ही बातमी आम्ही पेपरात वाचली. ज्यांनी गाडी घेतली त्यांना साधा एक फोनसुद्धा नाही! मी तिरीमिरीत शोरूम गाठलं. बोर्ड बदललेला. काचेच्या आत गाद्या! तोच सेल्समन, तोच टाय.

"सर, जरा आडवं होऊन बघा ना. दहा वर्षांची वॉरंटी आहे."

माझं डोकं फिरलं. तिथेच, गिऱ्हाइकांसमोर त्याला झाडला. तुझ्या शब्दावर गाडी घेतली, आता पार्ट कुठून आणू, सगळं सगळं. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, मीपण बेडकीच घेतलीय."

त्याला आम्हा बेडकीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. करता काय!

*

माझा भाचा तिकडे युरोपात असतो. तो सांगतो, मामा, इथे या गाडीची नवी नवी मॉडेलं निघतात, म्हाताऱ्या बायका ती घेऊन पाव आणायला जातात, आजोबांच्या काळातल्या मॉडेलचाही स्क्रू मिळतो. म्हणजे तिकडे स्क्रूसुद्धा सांभाळतात आणि इकडे माणसं वाऱ्यावर सोडतात! वर त्याने फोटो पाठवला: आमचीच बेडकी, तिकडच्या म्युझियममध्ये, दिव्यांच्या झगमगाटात. 'उत्कृष्ट डिझाइन' म्हणून.

मी तो ग्रुपवर टाकला. नानांचं लगेच उत्तर आलं: "त्यांना विचार, डावा आरसा विकतात का."

*

तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. कुणाची बेडकी कायमची बसली की भंगारवाल्याच्या आधी आम्ही पोचायचं. गाडीला हार घालायचा, चहा प्यायचा आणि पाने-स्क्रूड्रायव्हर काढायचे. कुणी रेडिएटर नेतो, कुणी सीट. आबांची पुढची दोन्ही दारं सडली आहेत, त्यांना दारं हवीत. माझा तर गियरबॉक्सच गेला. गाडी दुकानामागे उभी, पायथ्याची गावं बंद. तिथल्या म्हाताऱ्या फोनवर विचारतात, "डाक्टर, कधी येशी?" काय सांगू त्यांना? माझ्या डिझेल मॉडेलचा गियरबॉक्स अख्ख्या खानदेशात आणखी एकाच गाडीत होता. नानांच्या.

आणि नाना गेले. झोपेतच.

मी आणि आबा धुळ्याला दारावर बसायला, सांत्वनाला गेलो. अंगणात कव्हर घातलेली बेडकी उभी. तिच्याकडे बघायचं नाही, असं आम्ही न बोलता ठरवलं होतं. आबा पंख्याकडे बघत होते, मी चपलांकडे. नानांसाठी जीव तुटत होता आणि डोक्यात गियरबॉक्स फिरत होता. लाज वाटत होती. त्याहून जास्त संताप येत होता, कारण त्या कंपनीने आम्हाला मित्राच्या दारात गिधाडं करून बसवलं होतं.

तेवढ्यात कोनाड्यातला नानांचा फोन वाजला. अक्कांनी उचलला, स्पीकरवर. कंपनीच्या कस्टमर केअरची मुलगी, गोड आवाजात. देश सोडला तरी हे चालूच!

"नमस्कार सर! आपल्या गाडीचा अनुभव कसा आहे?"

"त्या वारी गयात," अक्का म्हणाल्या.

"ओह, सॉरी मॅम." मग पुढचा प्रश्न. "मॅम, गाडी सध्या कोण वापरतंय?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग आबांकडे. मग फोन तोंडाजवळ धरला.

"गियरबॉक्स जळगावले चालना. दारे पारोळाले. बाकी उरनं ते तुम्ही लई जा. येतस का?"